भुकेला कोंडा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याला खरी भूक लागली तो कोंडाही गोड मानून खातो, ज्याला खरी झोप आली तो धोंड्यावर डोके टेकून निजतो, एवढाच तिचा साधा अर्थ. म्हण करणाऱ्याने कोंडाच का निवडला? खाण्याच्या जिनसांत त्याहून हलके असे काही त्याला आठवले नाही म्हणून. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की या हलक्या कोंड्यापायी पुढे मोठमोठे वैद्य आपली आयुष्ये वेचतील, त्यातल्या एकाला नोबेल पारितोषिक मिळेल, आणि आपण म्हशीच्या आंबोणात घातलेल्या कोंड्यातलाच गुण एक दिवस बाटलीत भरून आपल्याला विकत घ्यावा लागेल! फराळाची ताटे पुढे आली आहेत, चिवड्याचा वास घरभर दरवळतो आहे. अशा वेळी या कोंड्याची हकीकत सांगावी असे मनात आले.

हकीकतीचा आरंभ आपल्याच एका गावापासून करू. भोरहून रायरेश्वराकडे जाताना आंबवडे लागते. झाडीत दडलेले नागेश्वराचे देऊळ, ओढ्यावरचा संस्थानी काळातला झुलता पूल, शंकराजी नारायण पंतसचिवांची समाधी, कान्होजी जेध्यांची समाधी, अशा खुणांमुळे इतिहासाच्या वाचकाला हे गाव परके नाही. बारा मावळांतल्या रोहिड खोऱ्याचा हा मुलूख. परंतु समाध्या राजकारणाचा इतिहास सांगतात; त्या राजकारणासाठी डोंगर चढणाऱ्या माणसांच्या पोटात काय होते, हे सांगणारी साधने निराळी. ती शोधायची तर ओटीच्या कोपऱ्यातल्या उखळाकडे, जात्याकडे आणि कणगीकडे पाहावे लागते.

या बाजूला सखल खाचरांत भात आणि डोंगराच्या उतारावर, वरकस जमिनीत, नाचणी व वरी अशी पिकाची वाटणी असे. दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी चाले, मग झोडणी, मळणी. कणगीत भरले जाई ते भात, तांदूळ नव्हे. ही गोष्ट शहरी वाचकाला बारीक वाटेल, पण सगळ्या हकीकतीची किल्ली तीत आहे. टरफलासकट भात वर्ष वर्ष टिकतो. टरफल काढून नुसता भरडलेला तांदूळ मात्र फार दिवस ठेवता येत नाही, कारण त्याच्या अंगावरच्या कोंड्यात तेलाचा अंश असतो आणि तो खवट होतो. म्हणून लागेल तसे चार दिवसांचे भात काढायचे, घिरटावर किंवा जात्यावर भरडायचे, उखळात घालून मुसळाने सडायचे आणि सुपात पाखडायचे, असा क्रम होता. यातून निघणारा तांदूळ तो हातसडीचा. रंगाने किंचित तांबूस, शिजायला थोडा अवघड, चवीला गोड.

दाण्याची रचना पाहिली म्हणजे मुसळ काय करीत होते ते कळते. सर्वांत बाहेर तूस. ते माणसाच्या कामाचे नाही. त्याखाली कोंड्याचे पातळ पापुद्रे. एका टोकाला इवलासा अंकुर. आणि आत पांढरा पिठूळ गाभा. मुसळाचे घाव तूस सारे काढीत, कोंडा थोडा काढीत, अंकुर बराचसा राहू देत. ते कसब होते असेही नाही. हाताच्या जोराला त्याहून जास्त जमत नसे. यंत्राच्या गिरणीला मात्र जमू लागले. तिने कोंडा व अंकुर दोन्ही घासून काढले आणि मोत्यासारखा शुभ्र तांदूळ दिला. तो महिनोन्‌महिने टिके, पोत्यांतून दूरदेशी जाई, लवकर शिजे, ताटात शोभे. पाहुण्यापुढे पांढरा भात वाढण्यात मान होता. कोंडा गेला त्याचे कोणाला काय?

काय, ते पहिल्यांदा कळले समुद्रापलीकडे, जावा बेटात. तेथे त्या वेळी डच लोकांचे राज्य होते. शिपाई आणि कैदी यांच्यात बेरीबेरी नावाच्या रोगाने हाहाकार केला होता. पाय सुजत, लुळे पडत, हृदय थकून माणूस मरे. जंतूंचा शोध नुकताच लागला होता, तेव्हा हाही जंतूंचाच खेळ असणार असे धरून डच सरकारने १८८६ साली वैद्यांचे एक मंडळ पाठवले. त्यात ख्रिस्तियान आइकमान नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या आणि मग तशाच एकाएकी बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा असे निघाले, की मधल्या काळात नोकर त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घालीत होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायचा नाही, असा त्याने बाणा धरला, आणि कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या. एका आचाऱ्याच्या करड्या शिस्तीने वैद्यकाला वाट दाखवली!

पुढे फोर्डरमान या अधिकाऱ्याने जावातल्या सुमारे शंभर तुरुंगांतील अडीच लाखांहून अधिक कैद्यांची पाहणी केली. कोंड्यासकट तांदूळ मिळे तेथे दहा हजारांत एखाद्याला हा रोग. पांढरा तांदूळ मिळे तेथे एकोणचाळीसांत एकाला. आइकमानला प्रथम वाटले, पांढऱ्या भातात काही विष आहे आणि कोंडा हा त्यावर उतारा आहे. त्याचा सहकारी खेरिट ख्राइन्स याने १९०१ साली सांगितले की विष वगैरे काही नाही, उणीव आहे. शरीराला हवे असे काहीतरी कोंड्याबरोबर फेकले जाते. आजारपण ‘काही शिरल्यामुळे’च येते असे नाही, ‘काही न मिळाल्यामुळे’ही येते, हा विचार त्या काळी नवा होता. १९१२ साली कासिमिर फुंक याने अशा द्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचवले. आपण त्यांना जीवनसत्त्वे म्हणतो. १९२६ साली जावातच, शेकडो किलो कोंडा गाळून गाळून, चिमूटभर स्फटिक हाती आले; तेच ब-१. १९२९ साली आइकमानला नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ साली ब-१ कारखान्यात बनवता येऊ लागले, आणि कोंड्याचा गुण कोंड्याविना मिळू लागला.

आपल्याकडे मद्रास इलाख्याच्या उत्तर किनाऱ्यावर, गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खाणाऱ्या लोकांत, हा रोग होता. त्याच्या चौकशीसाठी रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर येथे काम सुरू केले. तेच काम वाढत जाऊन पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. महाराष्ट्रात बेरीबेरीने असा धुमाकूळ घातला नाही. देशावर ज्वारी-बाजरी, मावळात हातसडी व नाचणी, आणि कोकण-गोव्यात उकडा तांदूळ. उकड्याची गंमत अशी, की भात टरफलासकट उकडताना कोंड्यातले ब-१ पाण्याबरोबर आतल्या गाभ्यात शिरते. मग वरचा कोंडा गेला तरी बराचसा गुण आत राहतो. आपल्या चिवड्याचे पोहेही भात भिजवून, भाजून, कांडून होतात. आपल्या पोषणशास्त्रज्ञांच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम गिरणीच्या कच्च्या तांदळात ब-१ आहे ०.०६ मिलिग्रॅम, हातसडीत ०.२१, आणि पोह्यांत व चुरमुऱ्यांतही ०.२१. नुसत्या कोंड्यात तर २.७०! तेव्हा फराळाच्या ताटातल्या चिवड्याला कोणी नावे ठेवू लागला तर हा आकडा त्याला जरूर सांगावा. तेलाचा हिशेब मात्र वेगळा करावा.

मॅक्‌कॅरिसन यांनी १९२० च्या दशकात आणखी एक नामी प्रयोग केला. निरनिराळ्या प्रांतांतल्या लोकांचा आहार त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना घातला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, पठाणांच्या २३०, मराठ्यांच्या २२५. मद्राशी आहारावरचे मात्र १५५. उंदीर सारे एकाच जातीचे. फरक पडला तो कणीक की पांढरा तांदूळ, दूध, डाळ, भाजी किती, यावर. माणसांच्या अंगकाठीबद्दल आपण जी वंशाची बढाई मारतो ती पुष्कळदा ताटाची असते, हे उंदरांनी दाखवून दिले.

आता आंबवड्यासारख्या गावांतून निघणारी वाट धरून मुंबईला जाऊ. भोर, वेल्हे, मुळशी या डोंगरी मुलखातून गेल्या दीड शतकात किती माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली! त्यांनी घोंगडी नेली, देव नेले. उखळ नेले नाही. चाळीच्या खोलीत ते ठेवणार कोठे, आणि वरच्या मजल्यावर मुसळ घालणार कोण? तांदूळ वाण्याकडून येऊ लागला, तो पांढरा. भाजी महाग, दूध त्याहून महाग.

१९२८ साली याच गिरणगावच्या मुंबईत लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. गरीब कामकरी स्त्रियांना गरोदरपणी एक विचित्र पांडुरोग होई. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. बाई पांढरीफटक पडे आणि पुष्कळदा बाळंतपणात दगावे. परळच्या हाफकिन संस्थेत बसून विल्सबाईंनी या बायका काय खातात याची नोंद केली. फळे, पालेभाजी, दूध यांचा जवळजवळ अभाव दिसला. तसाच आहार त्यांनी माकडांना दिला. माकडेही तशीच आजारी पडली. तेव्हा दारूच्या भट्टीतल्या किण्वापासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त, काळा, खारट अर्क त्यांनी देऊन पाहिला. माकडे सुधारली, आणि बायकाही. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

यातला मर्म सांगण्याजोगा भाग पुढेच आहे. त्या काळी दुसऱ्या एका पांडुरोगावर यकृताचा अर्क रामबाण ठरला होता. औषधी कारखाने तो अधिकाधिक शुद्ध करीत चालले होते. विल्सबाईंना आढळले, की यकृताचा ओबडधोबड, अशुद्ध अर्क या बायकांना लागू पडतो आणि शुद्ध केलेला पडत नाही! शुद्ध करणाऱ्यांनी एक गुण जपला आणि ज्याचे नावही ठाऊक नव्हते असा दुसरा गुण गाळून टाकला. तो दुसरा गुण १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून वेगळा काढला गेला. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. पालेभाजीतली ही संपत्ती पहिल्यांदा ओळखली गेली ती मुंबईच्या कामकरी बायकांच्या दुखण्यातून, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. त्यांची नावे कोठल्याही ग्रंथात नाहीत.

याच सुमारास वर्ध्याला निराळ्या अंगाने हाच प्रश्न उभा राहिला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरची कणीक, गूळ यांचा पुरस्कार गांधीजी ‘हरिजन’ पत्रातून सतत करीत, आणि त्यासाठी वैद्यांची व शास्त्रज्ञांची मते मागवून छापीत. गिरणी केवळ कोंडा नेत नाही, गावातल्या गरिबाच्या हातचे कामही नेते, हा त्यांचा दुसरा मुद्दा. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली भात-गिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला, त्यामागे हातसडीला आधार देण्याचाही हेतू होता. १९९७ साली तो रद्द झाला. तोवर हातसडी बहुतेक गावांतून कायद्याची वाट न पाहता निघून गेली होती.

आणि ती गेली याचे सर्वांनाच दुःख झाले असे समजू नये. हातसडीचे गोडवे गाणाऱ्यांत मुसळ उचलणारे थोडेच होते. पहाटे उठून दळण, मग कांडण, मग विहीर, मग शेत. पोट पुढे आलेले असताना आणि कडेवर मूल असतानाही मुसळ चुकत नसे. गावात भाताची गिरणी सुरू झाली त्या दिवशी कित्येक बायकांचे खांदे पहिल्यांदा हलके झाले. ‘पूर्वीचे अन्न किती सकस होते’ असे म्हणताना त्या सकसपणाची किंमत कोण देत होते, हे विसरून चालणार नाही. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. तूस काढून कोंडा राखील असेही यंत्र करता येते, आणि आता तसे केलेले तांदूळ बाजारात मिळतात. दोष असला तर शुभ्रतेच्या मोहाचा आहे.

अन्न आणि औषध यांच्यामधली ही सीमा मराठी घरातल्याच एका विदुषीने आयुष्यभर तपासली. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, सर सी. व्ही. रामन यांना त्यांना घ्यावे लागले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. परत आल्यावर काही काळ त्यांनी कुन्नूरच्या त्याच पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले, आणि १९४७ नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना घेऊन डाळी, भाताचे पीठ आणि नीरा यांचा अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडा-माडाचा ताजा, न आंबलेला रस. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून घेतलेल्या या कामात त्यांना नीरेत क जीवनसत्त्व, लोह इत्यादी गुण आढळले. कुपोषित आदिवासी मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या आहारात ती दिली तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली. या संशोधनाला राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. जीवनसत्त्वे बाटलीत कशी भरतात हे पुरते जाणणाऱ्या बाईंनी गरिबाच्या दाराशी उभ्या असलेल्या झाडाकडे बोट दाखवावे, यातच त्यांचे मत आले.

दुसरे असे नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ पासून सुमारे वीस वर्षे जागतिक अन्न व कृषि संघटनेत होते. १९६० च्या दशकात जगभर असा गवगवा झाला, की गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे. माशांची भुकटी, शेंगदाण्याची भुकटी, नाना तऱ्हेची प्रथिनयुक्त पिठे यांच्या योजना निघाल्या. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवले, की धान्य आणि डाळ मिळून होणारे आपले नेहमीचे जेवण ज्याला पोटभर मिळते त्याला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतात ती मुळात जेवणच कमी पडते म्हणून. तेव्हा हव्या होत्या त्या दोन भाकरी जास्त आणि वाटीभर आमटी. आज डब्यातल्या प्रथिनांच्या भुकट्या ज्या घरांत जातात त्या घरांत जेवण कमी पडत नाही, आणि ज्या घरांत कमी पडते तेथे डबा पोचत नाही.

मग गोळ्या-बाटल्या सगळ्या फेकून द्याव्यात काय? तसे म्हणणारा अडाणी ठरेल. स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक आम्लाची गोळी घेतली तर बाळाच्या मज्जारज्जूतले व्यंग पुष्कळ प्रमाणात टळते, हे १९९१ साली मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले. एवढे काम नुसत्या पालेभाजीच्या भरवशावर सोडता येत नाही. ब-१२ हे तर वनस्पतीत नसतेच. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसाला ते निराळे घ्यावे लागते. हिमालयाच्या पायथ्याशी जमिनीतच आयोडीन नाही. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या प्रयोगांनी दाखवले, की मिठात आयोडीन घातले की गलगंड हटतो. उणीव ठाऊक आहे, ती तपासून ठरली आहे, तेथे गोळी हीच योग्य.

परंतु ‘थोडे चांगले, तर पुष्कळ अधिक चांगले’ हा हिशेब येथे लागू नाही. गाजरे, पालेभाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसले, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपानी पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना गाजरातले बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले. १९९४ साली निकाल लागला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग कमी न होता अधिक आढळला. गाजरात कॅरोटीन असते, पण कॅरोटीन म्हणजे गाजर नव्हे. विल्सबाईंचा शुद्ध अर्क जे सांगत होता तेच साठ वर्षांनी फिनलंडने सांगितले. बाटलीत आपल्याला ठाऊक असलेले तेवढेच असते. अन्नात ठाऊक नसलेलेही असते.

फिरून आंबवड्याकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केले, की २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला तांदूळ पोषणमूल्ये मिसळून दिला जाईल. तांदळाचे पीठ करायचे, त्यात लोह, फोलिक आम्ल व ब-१२ घालायचे, त्याचे पुन्हा तांदळासारखे दाणे पाडायचे आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळायचे. तो तांदूळ रेशनच्या दुकानांतून खेडोपाडी गेला तेव्हा कित्येक घरांतल्या बायकांनी ते वेगळे दाणे ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून टाकले. आपण हसू नये. आज्यापणज्यांपासून सुपात दाणा पारखणारी ती बोटे. निराळा दाणा त्यांनी निवडला यात त्यांची चूक नाही, तो काय आहे हे त्यांना कोणी नीट सांगितले नाही ही चूक. गावच्या गिरणीत कोंडा काढला आणि दूरच्या कारखान्यातून दुसरा गुण दाण्यात भरून आला, असा हा शंभर-सव्वाशे वर्षांचा फेरा. आणि उतारावरची नाचणी, जिच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते, ती मागे पडत गेली आणि औषधाच्या दुकानात त्याच चुन्याच्या गोळ्या खपू लागल्या.

या साऱ्याचे तात्पर्य घरातल्या कोणाही सुगरणीला नवे वाटणार नाही. आधी कोठी, मग बाटली. आठवड्यातून काही दिवस हातसडीचा किंवा उकडा भात, नाचणीची भाकरी, रोज एक पालेभाजी, भाताचे पाणी ओतून न देणे. कारण ब-१ त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. एवढे झाल्यावरही वैद्याने उणीव दाखवली तर गोळी जरूर घ्यावी, बिनदिक्कत घ्यावी. मात्र गोळी मिळते म्हणून ताट रिकामे ठेवू नये, आणि ज्याचे ताटच रिकामे आहे त्याच्या हातावर नुसती गोळी ठेवून आपण मोकळे होऊ नये.

कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आपल्याकडे कौतुकाची मानली जाते. आपण उलट केले. मांड्यासाठी कोंडा टाकला आणि मग तोच शोधत जग हिंडलो. यंदा पाडव्याला आंबवड्याच्या खाचरांत भात कापणीला आलेले असेल. ते मळून कणगीत पडेल तेव्हा त्यातले पायलीभर तरी भात कोंड्यासकट खायला निराळे ठेवावे. म्हण करणाऱ्याने कोंड्याला हलके म्हटले खरे, पण भुकेशी त्याची जोडी त्यानेच लावून ठेवली होती.